झोपाळ्याची मात्रा

(दृश्य: दांडिया बाजारातलं जुनं घर. झोपाळ्याच्या पितळी कड्यांचा आवाज.)

बडोदा. सकाळचे साडेसात. आजी झोपाळ्यावर बसून तांदूळ निवडतायत. आतल्या खोलीत नात सॅक्सोफोनवर तीच एक ओळ पुन्हा पुन्हा घोटतेय. ऐका.

(सॅक्सोफोन: आठ स्वर, सगळे सारख्या लांबीचे.)

सूर चोख आहेत. लयही हलत नाही. मात्रेचे दोन तुकडे, दोन्ही अगदी समान. जॅझमध्ये याला स्ट्रेट म्हणतात, म्हणजे सरळ. पण समोरच्या कागदावर ओळीच्या डोक्यावर एक शब्द छापलाय: स्विंग. तो अजून तिच्या वाजवण्यात उतरलेला नाही.

कागदावर स्वर सारखेच लिहिलेले असतात, वाजवायचे मात्र लांब-आखूड, लांब-आखूड. शिकवताना सांगतात, मात्रेचे तीन भाग कर, पहिल्या स्वराला दोन दे, दुसऱ्याला एक. तबलावादक याला तिस्र जाती म्हणेल. सुरुवातीला हे गणित उपयोगी पडतं. तेवढ्यावरच थांबलं तर वाजवणं लंगडतं.

कारण खरे वादक या हिशेबाला बांधलेले नसतात. फ्रीबर्ग आणि सुंडस्ट्रॉम या स्वीडिश संशोधकांनी २००२ मध्ये नामवंत जॅझ ड्रमरांचे सिंबलवरचे, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजेवरचे, ठोके मोजले. संथ लयीत लांब ठोका आखूड ठोक्याच्या साडेतीन पटीपर्यंत गेलेला दिसला. मध्यम ते द्रुत लयीत आखूड ठोका सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतकाच राहिला. आता मिनिटाला २०० मात्रा धरा. एक मात्रा ३०० मिलिसेकंदांची. त्यातले १०० आखूड स्वराचे, २०० लांब स्वराचे. लय ३०० वर न्या, मात्रा उरते २०० ची, आणि दोन्ही स्वर शंभर-शंभर! भरधाव लयीत स्विंग असा सरळच्या जवळ येतो.

तरी तो डोलतो. कशामुळे? वजनामुळे. फुंकवाद्य वाजवणारे बरेचदा आखूड स्वर जिभेच्या टोल्याने सुरू करतात आणि तिथून, श्वास न तोडता, पुढच्या मात्रेवर घसरत येतात. मात्रेवर एकल वादक सिंबलच्या किंचित मागे असतो, आखूड स्वरावर मात्र दोघं एकत्र भेटतात. माझ्या मते स्विंगचा जीव या भेटीत आहे.

(दृश्य: सूरसागर तलाव, काठावरचं संगीत महाविद्यालय.)

सयाजीराव महाराजांच्या काळात, १८८६ मध्ये, याच शहरात गायनशाळा सुरू झाली. उस्ताद मौलाबक्षांनी आपलं गाणं स्वरलिपीत बांधायला घेतलं, ते इथेच. फार मोठं काम. पण चीज लिपीत असली तरी तिचा डौल गुरूच्या तोंडूनच घ्यावा लागतो, हे इथला प्रत्येक विद्यार्थी जाणतो. न्यूयॉर्कमध्येही तेच झालं. १९२४ मध्ये न्यू ऑर्लिन्सचा लुई आर्मस्ट्राँग फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये आला, आणि कागद बघून चोख वाजवणाऱ्या त्या मंडळींनी त्याचं ऐकून ऐकून हा डोल उचलला.

सरळ म्हणजे निर्जीव, असं मात्र कुणी समजू नये. बोसा नोव्हा ही ब्राझीलची संगीतशैली सरळच वाजते, आणि तिथे लांब-आखूड केलं तर तिची सगळी नजाकत जाते. कुठे काय हवं ते कानाला कळलं पाहिजे.

(दृश्य: पुन्हा घर. सॅक्सोफोन थांबलेला.)

"ये गं इथे. बस जरा," आजी म्हणतात.

नात शेजारी बसते. आजी पायाने जमिनीला रेटा देतात. नीट बघा. रेटा क्षणभराचा. मग झोका वर जातो, टोकाला थबकल्यासारखा होतो, परत येतो. पुन्हा छोटासा रेटा.

नवरात्रात हे शहर हींच तालावर गरबा खेळतं. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन झोके. गुजरातीत हींचवुं म्हणजे झोके घेणं, आणि इंग्रजी स्विंगचा अर्थही तोच. हींच म्हणजे जॅझ नव्हे, दोन्हींची घराणी वेगळी. पण या मुलीचे पाय लहानपणापासून त्या गोलात फिरलेत.

ती झोपाळ्यावरच ओळ गुणगुणायला लागते. दूऽ-बा, दूऽ-बा. "बा" आजीच्या पावलाबरोबर पडतो.

(कड्यांचा आवाज. त्यावर सॅक्सोफोन, तीच ओळ. दुसरा स्वर या वेळी जरा उशिरा येतो.)