सहा फुटांच्या पट्ट्यातला दिवस

श्रोते हो, नमस्कार.

आपण मराठी माणसं सहलीला गेलो की ‘पॉइंट’ बघतो. माझ्या वडिलांनी महाबळेश्वरला एका दिवसात आठ पॉइंट उरकले होते, आणि नवव्याला अंधार पडला म्हणून आठवडाभर हळहळत होते. तीच सवय घेऊन मी अमेरिकेत आले. ती मोडली आमच्या भुऱ्यानं. भुऱ्या म्हणजे आमचा कुत्रा. वय वर्षं अकरा, मागचा एक पाय जरा अधू, जात विचारू नका.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं त्याला घेऊन व्हर्जिनियातल्या शेनांडोआ राष्ट्रीय उद्यानात गेलो. गाडीमागे आमचा छोटा ट्रेलर. ट्रेलर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरमागची उसाची ट्रॉली आली असेल, तर ती फार मोठी झाली. आमचा ‘टिअरड्रॉप’, आडव्या पडलेल्या थेंबासारखा. १९३०च्या दशकात इथले लोक असे ट्रेलर घरच्या अंगणात ठोकून बनवायचे. आत नुसती गादी. उभं राहायची सोय नाही. स्वयंपाकघर मागच्या बाजूला, तेही बाहेरून. डिकीसारखं झाकण वर उचललं की खाली ओटा, शेगडी, आणि डोक्यावर त्याच झाकणाचं छप्पर. भुरभुर पावसातही पोहे होतात. रात्री गादीची वाटणी अशी: अर्धी भुऱ्याची, उरलेली आम्हा दोघांची.

डोंगरमाथ्यावरून जाणारा स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता १०५ मैलांचा, वेगमर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे साधारण ५६ किलोमीटर. वाटेत मेरीज रॉकचा बोगदा लागतो, उंची १२ फूट ८ इंच. मोठ्या ट्रेलरवाल्यांना तिथे देव आठवतो. आमचं छप्पर माझ्या हनुवटीपर्यंत. खरी परीक्षा मुक्कामी पोचल्यावर, मागे घेताना. ट्रेलर उजवीकडे जायला हवा तर स्टिअरिंग आधी डावीकडे. मी मागे उभी राहून हात हलवते, नवरा नेमकं उलटं करतो, आणि शेजारचे लोक खुर्च्या आमच्याकडे वळवून बसतात. अखेर चाकांखाली ठोकळे सरकवले आणि अबोला संपला.

मुक्काम ५१व्या मैलावर, बिग मेडोजला. जवळच डार्क हॉलोचा धबधबा. माझा पॉइंट नंबर एक! या उद्यानात पायवाटा सुमारे ५०० मैल, आणि कुत्र्यांना मनाई त्यातल्या जेमतेम २० मैलांवर. धबधब्याची वाट नेमकी त्या वीसांतली. नवरा म्हणाला, “तू जाऊन ये, मी थांबतो याच्यापाशी.” निघाले. पन्नास पावलं गेले असेन, मागून असा काही सूर आला की जणू मी सासरी चाललेय. परत फिरले.

मग दिवस भुऱ्याच्या हाती गेला. कॅम्पाला लागूनच अ‍ॅपलाचियन ट्रेल जाते, जॉर्जियापासून मेनपर्यंतची, जवळपास २,२०० मैलांची. तिथे कुत्रा चालतो, फक्त पट्टा सहा फुटांपेक्षा लांब नको. पाठीवर बोचकी घेतलेली तरुण मुलं झपाझप पुढे गेली. आम्ही त्या वाटेचा पाव मैल चाललो, तासाभरात. त्यातली वीस मिनिटं एका कुजक्या ओंडक्यापाशी. रात्री तिथून कोण गेलं, कधी गेलं, काय खाऊन गेलं, सगळं तो वाचत होता. मला फक्त ओलं लाकूड दिसत होतं. पण सक्तीनं उभं राहिल्यामुळे ओंडक्यावरची पिवळी अळंबी दिसली, ओक वृक्षाचं फळ टपकन पडताना ऐकलं. मोबाइलला रेंज नव्हती, हेही सांगायला हवं. नाहीतर मी तिथेही स्क्रीनच बघितला असता.

दुपारी तो ट्रेलरच्या सावलीत आडवा झाला. एक हरणी दहा-पंधरा फुटांवर चरत आली. भुऱ्यानं एक कान उभा केला, हिशेब केला, कान पाडला. वय झालं की शहाणपण येतं, किंवा गुडघे दुखतात.

संध्याकाळचं एक काम मात्र चुकवायचं नाही: गोचीड शोधणं. इथल्या हरणांवरच्या बारक्या गोचिडीनं ‘लाइम’ नावाचा आजार होतो, कुत्र्याला आणि माणसालाही. कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यांत बोटं फिरवायची. दोन सापडल्या. आणि इथे काळी अस्वलं आहेत, म्हणून आमच्या पातेल्यांबरोबर भुऱ्याचं खाणं आणि त्याचा वाडगाही बंद गाडीत. रिकामा वाडगासुद्धा! त्यावर त्यानं नाराजी नोंदवली.

रात्री वारा सुटला. भुऱ्या झोपेत चारही पाय हलवत होता, बहुधा ती हरणी आता पळत असावी. त्यातली एक लाथ मला बसली.

सकाळी झाकण उचलून आल्याचा चहा टाकला. नवऱ्यानं नकाशा उघडला आणि विचारलं, “आज काय बघायचं?” भुऱ्या तोवर कालच्या ओंडक्याच्या दिशेनं पट्टा ताणून उभा होता.