विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही

मंडळी, जपानची सहल म्हटली की आपल्याकडे तोक्यो, फुजी, क्योतो आणि बुलेट ट्रेन. आज मी तोक्यो आणि क्योतो यांच्यामधल्याच, पण पायी जायच्या रस्त्याबद्दल बोलणार आहे. नाकासेन्दो. तोक्योला एदो म्हणत त्या काळात शोगुनांच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशांच्या, राजवटीत जे पाच राजमार्ग होते, त्यांतला हा डोंगरातून जाणारा. लांबी सुमारे ५३० किलोमीटर, वाटेत मुक्कामाची ६९ गावं. सगळा चालायच्या भानगडीत पडू नका, बराचसा डांबराखाली गेलाय. किसो खोऱ्यातला मागोमे ते त्सुमागो हा टप्पा मात्र चालाच. आठेक किलोमीटर, रमतगमत तीन तास. मागोमेहून निघालात तर चढ कमी लागतो.

त्सुमागो टिकलं कसं, ते ऐका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोऱ्यात रेल्वे आली, ती गावाला बाजूला टाकून. हमाल, घोडेवाले, खाणावळवाले, सगळ्यांचा धंदा बसला. तरुण पोरं शहरात गेली. जुनी घरं पाडून नवी बांधावीत एवढा पैसाच कुणाकडे उरला नाही, म्हणून ती उभी राहिली! १९६८ मध्ये डागडुजी सुरू झाली आणि १९७१ मध्ये गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवलं: घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. विजेच्या तारा घरांच्या मागून नेल्या. दिवसा मुख्य गल्लीत मोटारी बंद. आपल्या हिल स्टेशनांवरच्या बाजारपेठा आठवा, म्हणजे हा ठराव किती अवघड होता ते कळेल.

आता नेहमीचा प्रश्न, गाइड घ्यावा का? ‘सेल्फ-गाइडेड’ सहलीत कंपनी मुक्काम ठरवून देते, नकाशा देते, सामान पुढच्या गावी पाठवते. चालता तुम्ही एकटे. या टप्प्यावर वाट दाखवायला गाइड लागतच नाही. इंग्रजी पाट्या आहेत. अस्वलांसाठी वाटेवर घंटा टांगल्यात, येताजाता वाजवायच्या. हंगामात दोन्ही गावांची पर्यटन कार्यालयं थोड्या पैशांत बॅगा इकडून तिकडे पोचवतात.

पण परवडत असेल तर एक दिवस तरी गाइड घ्या, आणि तो घरं बघायला घ्या. त्सुमागोत ओकुया नावाचं मोठं घर आहे, बड्या प्रवाशांच्या मुक्कामाचं. १८७७ मध्ये ते नव्यानं बांधलं, अख्खं हिनोकी लाकडाचं. हिनोकी म्हणजे सायप्रसचं जपानी झाड. त्यात विशेष काय? एदो काळात किसोच्या जंगलातली हिनोकी तोडायला रयतेला बंदी होती. एका झाडाला एक मुंडकं, असं तिथं म्हणत. राजवट गेली, बंदी उठली आणि मालकानं हौस फेडून घेतली. एकट्यानं गेलात तर तुम्ही ‘वा, काय सुंदर लाकूड’ म्हणून फोटो काढून बाहेर पडाल.

शाकाहारी मंडळींनी नीट ऐका. मिनशुकु म्हणजे घरगुती लॉज. जेवण सहाच्या सुमारास, ताटात नदीतला मासा. मासा बाजूला सारून भागत नाही, कारण सूपापासून भाजीपर्यंत सगळ्यात ‘दाशी’, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, असते, आणि ती बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनितो माशाची. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच कळवलंत तर मासा जाईल, दाशी राहील. बुकिंग करतानाच ‘माशाची दाशीसुद्धा नको’ असं जपानीत लिहून पाठवा. आयत्या वेळी सांगितलंत, तर मालकीणबाई दहादा वाकून माफी मागतील आणि तुम्हाला भात-लोणच्यावर झोपावं लागेल.