दात खोटा, हिरडी खरी

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या महिन्यात चोपड्याकडचे एक काका दवाखान्यात आले. खालची दाढ इम्प्लांटची, चार वर्षांपूर्वी बसवलेली. ब्रश केला की रक्त यायचं, तेही सहा महिन्यांपासून. "इतके दिवस का थांबलात?" विचारलं, तर म्हणाले, "काही दुखस नही, मंग कसाले येऊ?"

या एका वाक्यासाठी आज मी तुमच्याशी बोलतोय.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू आणि वर कॅप. हाड या धातूला घट्ट धरतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी ओळखलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. धातूला कीड लागत नाही. पण भोवतीची हिरडी नि हाड तुमचंच असतं. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे धागे रुतलेले असतात, निंबाची मुळं मातीत असतात तसे. स्क्रूला मात्र हिरडी मफलरसारखी नुसती गुंडाळलेली. जंतूंना खाली उतरायला वाट सोपी.

आधी फक्त हिरडी सुजते, लाल होते, रक्त येतं. इथेच आलात तर नीट सफाईने ती पूर्ववत होते. दुर्लक्ष केलं तर हाड झिजू लागतं. एक्स-रेमध्ये स्क्रूभोवती वाटीसारखा खड्डा दिसतो. स्क्रू तरी हलत नाही, कारण तळाचं हाड त्याला धरून असतं. हलू लागला म्हणजे फार उशीर झाला.

"डॉक्टर, गोळ्या द्या ना!" नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. केळीला ठिबक असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. नळीत शेवाळ धरलं की वरून कितीही खत सोडा, नळी धुवावीच लागते. जंतूंचा थर असाच चिकट. तो आम्ही टायटॅनियमच्या किंवा प्लास्टिकच्या हत्यारांनी, कधी बारीक पावडरच्या फवाऱ्याने काढतो. खोल गेला असेल तर हिरडी उघडून स्क्रू साफ करायचा, जमेल तिथे खड्ड्यात हाडाची भुकटी भरायची. त्यानेही नाही भागलं तर स्क्रू काढावा लागतो.

साखर ताब्यात नसलेले, विडी ओढणारे आणि पूर्वी पायरिया झालेले, यांना धोका जास्त. तंबाखूची मिश्रीही हिरडीच्या मुळावर येते. मिश्रीने दात चकाकतात असं माझी आजीही म्हणायची. शेवटी तिच्या तोंडात चार दात उरले होते! कधी चूक आमचीही असते. कॅप चिकटवताना जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहून जातं.

काकांचं हाड थोडंच गेलं होतं. हिरडी उघडून सफाई केली. आता दर तीन महिन्यांनी येतात. परवा विचारत होते, भरीत नि कळण्याची भाकरी चालेल का. चालेल म्हटलं. फटीत फिरवायचा छोटा ब्रश त्यांनी खिशातून काढून दाखवला. तंबाखूची डबी मात्र अजून दुसऱ्या खिशात आहे.