खराब माल जपून ठेवा

(जळगावात लघुउद्योजक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

निमंत्रणपत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय: ‘औद्योगिक गुणवत्ता तपासणीसाठी मशीन व्हिजन – रचना, निवड आणि अंमलबजावणी’. तिन्हींवर बोलणार आहे, काळजी करू नका. पण पाऊण तासातला बराचसा वेळ आमच्या सत्कारातच गेला, तेव्हा मला जे बोलायचंच आहे ते आधी बोलून घेतो. पत्रिकेतलं नंतर बघू.

कॅमेऱ्याने माल तपासणं हे चाकणचं, मोटारींच्या कारखान्यातलं काम, असा आपल्याकडे समज आहे. इथे दालमिलवाले किती आहेत? हात वर करा. बघा! तुमच्याकडे कित्येक वर्षं मशीन व्हिजनच चालू आहे, फक्त आपण त्याला सॉर्टेक्स म्हणतो. डाळ च्यूटवरून, म्हणजे उतरत्या पन्हाळीवरून, घसरत येते, मोकळी पडते, पुढून-मागून कॅमेरे तिला ओळीने बघतात. काळा दाणा किंवा साल चिकटलेला दाणा दिसला की खालचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो आणि हवेच्या झोताने दाणा बाजूला उडतो. दाणा सेकंदाला ३ मीटर वेगाने पडतोय आणि हवेची नळी कॅमेऱ्याच्या ६ सेंटिमीटर खाली आहे असं धरा. बघायला, ठरवायला आणि उडवायला सगळे मिळून २० मिलिसेकंद. तेवढ्यात आपली पापणीसुद्धा धड मिटत नाही.

आता या मशीनवरचा हुशार ऑपरेटर काय करतो ते आठवा. सेन्सिटिव्हिटी वाढवली की काळे दाणे जातात, पण त्यांच्यासोबत चांगलेही जातात. कमी केली की डाळीच्या पोत्यात काळे ठिपके दिसतात आणि व्यापाऱ्याचा फोन येतो. म्हणून तो सारखा रिजेक्टच्या डब्यात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर पसरतो, चांगले किती गेले बघतो, मग बटणाला हात लावतो. चांगल्या मालाचं पोतं तो नंतर बघतो. हे शहाणपण दालमिलमध्ये आहे आणि शेजारच्या प्लास्टिकच्या शेडमध्ये अजिबात नाही. माझी तक्रार हीच आहे.

माझं काम असं, की ज्याच्या मालासाठी तयार मशीन मिळत नाही त्याला मी बनवून देतो. डाळीसाठी सॉर्टर विकत मिळतो, कारण डाळ बहुतेक मिलमध्ये सारखीच असते. पण तुमची ठिबकची एंड कॅप, म्हणजे नळीच्या टोकाचं बूच, तुमच्या साच्यातली, तुमच्या प्लास्टिकच्या दाण्याची, तुमच्या गिऱ्हाइकाच्या नखऱ्यांची, ती दुसऱ्याकडे नसते. म्हणून पहिल्या भेटीत मी एवढंच मागतो: ५० चांगले पीस द्या आणि ५० खराब द्या.

धुळ्याकडच्या एका कारखान्यात हे मागितलं. मालक वयाने मोठे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “आमनाकडे खराब माल शेच नही!” मी म्हटलं, आप्पा, मग मला कशाला बोलावलंत? ते म्हणाले, “गिऱ्हाईक म्हणतं कॅमेरा लावा, म्हणून.” बरं. शेडमध्ये गेलो. मोल्डिंगची मशीनं रांगेत, पॅकिंगच्या टेबलावर चार-पाच ताया बसलेल्या, आणि कोपऱ्यात ग्राइंडर चालू. ताई पीस उचलते, फिरवते, कडेला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून सुटलेला प्लास्टिकचा पापुद्रा, दिसला की बघताही न बघता मागच्या टोपल्यात टाकते. टोपलं भरलं की पोऱ्या येतो आणि ग्राइंडरमध्ये ओततो. खर्रर्र. झालं, खराब माल शिल्लकच नाही! भुगा पुन्हा दाण्यात मिसळतो, हॉपरमध्ये जातो. प्लास्टिकच्या धंद्यात हे काटकसरीचंच आहे, मला मान्य आहे. मी शिफ्ट इन्चार्जला म्हटलं, दादा, आठवडाभर ग्राइंडर बंद ठेवा, टोपली साठवा. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, “साहेब, टोपली साठवली तर रिजेक्शन दिसतं ना.”

हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांच्या शेडमध्ये हेच वाक्य तयार आहे.

पुढे माझ्याकडे पार्सल आलं. एका डब्यात चांगले पीस, बबल रॅपमध्ये गुंडाळलेले, कापडाने पुसून चकचकीत केलेले, जणू मुलगी दाखवायचा कार्यक्रम. दुसऱ्या डब्यावर मार्करने ‘खराब’. उघडून बघतो तर प्रत्येक पिसावर एकाच जागी, एकाच लांबीचा, ब्लेडने काढलेला ओरखडा! साहेबांनी खराब माल मागितला, म्हणून कुणीतरी बिचारा बसून खराब करत होता. या पिसांवर मशीनला शिकवलं असतं तर ते ब्लेड पकडण्यात पटाईत झालं असतं. साचा अर्धवट भरलेला, दाणा जळून काळा ठिपका आलेला, कडेला पापुद्रा सुटलेला, जे दोष त्या शेडमध्ये खरोखर पडतात ते त्याने बिनदिक्कत सोडले असते.

इथले विद्यार्थी आता मनात म्हणत असतील, सर जुन्या जमान्यातले आहेत, आता एआयला नुसता चांगला माल दाखवला तरी पुरतं. बरोबर आहे तुमचं, पण अर्धंच. म्युनिकच्या एमव्हीटेक कंपनीने २०१९ मध्ये अशा अभ्यासासाठी फोटोंचा एक मोठा संच खुला केला. १५ प्रकारच्या वस्तू आणि पृष्ठभाग, ५,३५४ फोटो. त्यात बाटली आहे, गोळी आहे, स्क्रू आहे, टूथब्रश आहे, गालिचासुद्धा आहे. शिकवायला फक्त चांगले फोटो, पण तपासायला? तपासायला दोष असलेलेही. ते दोष त्यांनीही मुद्दाम तयार केले, फक्त कुठल्या वस्तूत कुठला दोष पडू शकतो याचा विचार करून. मशीन शिकेल चांगल्यावर, पण ते शिकलंय की नाही हे सांगायला खराबच लागतो. तो तुम्ही दळून टाकलाय.

आणि खराब माल साठवायला लागलात की दुसरी गंमत कळते. तेच ५० पीस, त्यात चांगले-वाईट मिसळलेले, क्यूसीच्या, म्हणजे माल तपासणाऱ्या, तिघांना वेगवेगळे बसवून दाखवा. निकाल लिहून घ्या. चार दिवसांनी क्रम बदलून तेच पीस त्याच तिघांना पुन्हा दाखवा. हा प्रयोग फुकटचा आहे, घरी जाऊन करा. तिघांचं एकमेकांशी पटत नाही हे ठीक, पण सकाळी नापास केलेला पीस तोच माणूस संध्याकाळी पास करतो! आणि महिनाअखेरीला डिस्पॅच अडलेला असला की काळा डाग आपोआप बारीक होतो, ३० तारखेला तर दिसतच नाही. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे नवीन नाही. सालीवरचा जो डाग दिल्लीच्या ट्रकला चालतो, तोच आखातात जाणाऱ्या खोक्याला चालत नाही. पण त्यांनी निदान दोन गिऱ्हाइकांचे दोन नियम ठरवलेत. आपल्याकडे नियम ठरलेला नसतो, आणि तो कॅमेऱ्याने ठरवावा अशी अपेक्षा असते.

माझा उपाय साधा आहे. तीन डबे करा. एक चांगल्याचा, एक खराबचा, आणि एक वादाचा, म्हणजे ज्यावर तिघांचं एकमत होत नाही असे पीस. पिसावर तारीख, मशीन, साच्याची कॅव्हिटी, म्हणजे साच्यातल्या कुठल्या खाचेतला पीस, ते लिहा. माझ्याकडे येताना तिसरा डबा आधी उघडा. आणि डबे भरायचं काम इंजिनिअरला देऊ नका, पॅकिंगच्या ताईंना द्या. कुठल्या कॅव्हिटीतला पीस कुठल्या कडेला बिघडतो ते त्यांच्या बोटांना पाठ असतं, आणि प्रोजेक्टच्या मीटिंगला त्यांना कुणी बोलावत...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बाहेर भरीत-पुरी तयार आहे असंही लिहिलंय, हे खरं म्हणजे धमकीसारखं आहे. चला, पत्रिकेतला विषय.

रचना. कॅमेऱ्याचा विचार शेवटी, उजेडाचा पहिला. काळ्या पाइपवरचा ओरखडा समोरून प्रकाश टाकला तर दिसत नाही. गवंडी गिलाव्यातला फुगवटा बघायला भिंतीवर बॅटरी आडवी धरतो, तसा उजेड बाजूने, तिरपा टाका; ओरखड्याची कड चमकते. साचा अर्धवट भरलाय की नाही, कडेला फ्लॅश आहे का, हे बघायचं तर उजेड पिसाच्या मागून द्या, आकार लख्ख दिसतो. शेडच्या छतात उजेडासाठी पारदर्शक पत्रे टाकलेले असतात; सकाळी लावलेलं गणित दुपारी ऊन सरकलं की बिघडतं. म्हणून तपासणीच्या जागेवर बंदिस्त खोका हवाच. आणि आपला उन्हाळा! बऱ्याच औद्योगिक कॅमेऱ्यांची मर्यादा ५० अंशांच्या आसपास असते. भुसावळला मे महिन्यात बाहेरच ४५ च्या पुढे पारा जातो, प्लास्टिक वितळवून पाइप काढणाऱ्या एक्स्ट्रुडरशेजारी काय होत असेल ते तुम्हीच सांगा. कॅमेरा थंड ठेवायची सोय कोटेशनमध्येच लिहून घ्या.

निवड. दिसायला हवा असा सगळ्यात लहान डाग किती? समजा ०.३ मिलिमीटर. त्यावर किमान ३ पिक्सेल पडावेत, म्हणजे एका पिक्सेलला ०.१ मिलिमीटर. बघायची रुंदी २०० मिलिमीटर, तर २,००० पिक्सेल. चौरस चित्र धरलं तर ४ मेगापिक्सेल झाले. माझ्या मोबाइलमध्ये ५० आहेत, मग तोच का नको, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. मोबाइलचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, पळता पीस त्यात तिरका होतो. इथे सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा, ग्लोबल शटरवाला कॅमेरा लागतो. वेगाचंही बघा: ठिबकची नळी मिनिटाला १०० मीटर चाललीय, पाणी थेंबथेंब सोडणारे ड्रिपर ४० सेंटिमीटरवर, तर मिनिटाला २५० ड्रिपर, सेकंदाला चारहून जास्त. प्रत्येकाचं छिद्र जागेवर पडलंय का ते तेवढ्यात बघायचं. शटर १ मिलिसेकंद उघडं राहिलं तर चित्र जवळजवळ १.७ मिलिमीटर फरफटतं. ५० मायक्रोसेकंद ठेवलं तर ०.०८. पण मग उजेड तितका प्रखर लागतो, म्हणून स्ट्रोब, क्षणभरच लख्ख चमकणारा दिवा. पुन्हा उजेडच.

अंमलबजावणी. १०,००० पीस, त्यात हजारी एक खराब, म्हणजे १०. मशीन ते सगळे पकडतं, पण शंभरात एक चांगलाही चुकून फेकतं. रिजेक्टच्या डब्यात साधारण ११० पीस, त्यातले १०० चांगले! ऑपरेटर हे बघतो आणि दोन दिवसांत मशीन बायपासवर टाकतो, त्याचं काही चुकत नाही. म्हणून खराब किती सुटले चालतील आणि चांगले किती गेले चालतील, हे दोन्ही आकडे ऑर्डरवर लिहा. चाचणी तुमच्या डब्यांतल्या पिसांवर घ्या, शिकवताना वापरलेल्या नाही, वेगळ्या ठेवलेल्या. रिजेक्टच्या डब्याला कुलूप, आणि त्यातले पीस पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, काउंटरशी जुळले पाहिजेत. मशीन लागल्यावरही प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला ओळखीचे खराब पीस त्यातून सोडा. लेन्सवर धूळ बसली असेल तर तिथेच कळतं. तेव्हा ते पीस पुढेही लागणार आहेत, दळू नका.

खर्च किती, हा तुमचा प्रश्न मला ठाऊक आहे. पीस बघितल्याशिवाय मी आकडा सांगत नाही. मागे ते भाऊ मघापासून पिशवी मांडीवर घेऊन बसलेत. काय आहे त्यात? एंड कॅप? फ्लॅशवाल्या? ग्राइंडरमधून वाचवून आणल्यात? मग या पुढे, हे हार-तुरे बाजूला करा आणि ओता इथे टेबलावर. भरीत थांबेल पाच मिनिटं.