खोल्या वाढवण्याआधी मे महिना मोजा

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीची सुट्टी लागली की पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते. खोली मिळत नाही म्हणून लोक मिळेल तिथे मुक्काम करतात. सुट्टी संपते, पाहुणे परततात आणि महाबळेश्वर-जावळीच्या घराघरांत एकच विषय निघतो: अजून दहा खोल्या काढायच्या का? वडिलोपार्जित जमिनीवर, घरच्याच माणसांच्या बळावर चार-सहा खोल्यांचं रिसॉर्ट चालवणाऱ्या या कुटुंबांशी मला आज बोलायचं आहे. वाढवा, जरूर वाढवा. पोरं पुण्या-मुंबईची नोकरी सोडून गावी परत येतायत, त्यांना काम हवंच. फक्त हा हिशेब डिसेंबरच्या गर्दीवर मांडू नका, मे महिन्याच्या पाण्यावर मांडा.

महाबळेश्वराला पाण्याची काय कमी, असं कुणी म्हणेल. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये तर चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. पण हे पाणी डोंगरावर थांबत नाही. आपल्या डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचा थर आहे आणि त्याच्याखाली काळा कातळ. जांभा सच्छिद्र, तो पावसाचं पाणी आत घेतो. खालच्या कातळातून ते सहजी उतरत नाही, म्हणून जिथे जांभा आणि कातळ भेटतात तिथे ते झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. पिढ्यान्‌पिढ्या गावं प्यायली ती या झऱ्यांवर. आता आपण काय करतो? दरीचा देखावा दिसावा म्हणून नेमकी जांभ्याची कड जेसीबीनं तोडून सपाटी करतो. इमारत उभी राहते, खालचा झरा आटतो आणि एप्रिलपासून टँकर सुरू होतात. ज्या खोलीचं पाणी टँकरनं येतं, तिच्या भाड्यातला नफा टँकरवालाच घेऊन जातो.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठाकडच्या एका घराची विहीर मला दाखवायची आहे. त्या घरातले आजोबा दर अक्षय्य तृतीयेला विहिरीत उतरतात आणि पाणी जिथे असेल तिथे कातळावर गेरूनं रेघ ओढतात. वरच्या रेघा पुसट झाल्यात, खालच्या ताज्या आहेत. जिथे रेघा खाली सरकत गेल्यात, तिथे त्यांनी बोट ठेवून मला सांगितलं, "इथं आमी बाथटब बसवलं." नातवानं बारा खोल्यांचा नकाशा करून आणला होता. आजोबांनी नकाशावर काही भाष्य केलं नाही. नातवाला विहिरीत उतरवलं आणि रेघा दाखवल्या. अशी नोंद ज्या घरात आहे, त्या घराला सल्लागाराची गरज नाही.

पर्यटन वाढवताना डोंगराची ताकद बघायची असते, हे बर्फाच्या मुलखातही कळून चुकलंय. स्कीइंगचं रिसॉर्ट म्हटलं की आपल्याला वाटतं, बर्फ आभाळातून फुकट पडतो. पण हल्ली तो पुरेसा पडेल याची खात्री नसते. मग यंत्रानं बर्फ करावा लागतो आणि त्याला कडाक्याची थंडी लागते तशी पाण्याची मोठी साठवणही लागते. उत्तराखंडातल्या औलीला यासाठी डोंगरावर कृत्रिम तळं केलंय. म्हणजे घसरायला नवी उतरण काढायची, तर पहिला प्रश्न तळ्याचा. आणि औलीच्या पायथ्याचं जोशीमठ आठवा. हे गाव जुन्या दरडीच्या मातीवर वसलंय, इथे जड बांधकामं नकोत, असं सरकारी समितीनं १९७६ सालीच सांगितलं होतं. बांधकामं होत राहिली. जानेवारी २०२३ मध्ये घरांना भेगा पडल्या, जोशीमठ-औली रोपवे बंद करावा लागला आणि एकमेकांकडे कललेली दोन हॉटेलं पाडावी लागली.

आपल्याला एवढं लांब जायचीही गरज नाही. त्याच जुलै २०२१ च्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, माणसं गेली. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. त्यातल्या अटी अनेकांना जाच वाटतात. मला त्या आपल्याच घराच्या भिंतीच्या काळजीच्या वाटतात. आता नवीन महाबळेश्वर या नव्या गिरिस्थानाच्या सरकारी प्रकल्पाची चर्चा आहे, शेकडो गावांचा विकास आराखडा आहे. बाहेरचा पैसा येईल, जमिनीला भाव येईल. अशा वेळी घाईनं सातबारा गहाण ठेवून मजले चढवण्याचा मोह होतो. कर्जाचा हप्ता बारा महिने येतो, गिऱ्हाईक बारा महिने येत नाही, एवढं कागदावर सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी, बायकांनीसुद्धा, एकत्र बसून बघावं. स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाईला कोणत्या महिन्यात किती ताटं लागली हे तोंडपाठ असतं, आणि बैठकीत तिलाच कुणी विचारत नाही.

वाढ म्हणजे बांधकामच, असं तरी कुठे आहे? पाचगणीजवळचं भिलार बघा. २०१७ मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा पुस्तकं गावकऱ्यांच्या राहत्या घरांत ठेवली. ओसरी तीच, माणसं तीच, येणाऱ्याला थांबायला एक कारण मिळालं. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर मधाचं गाव म्हणून पुढे आलं, तिथे मधमाशी हेच भांडवल. एका घरानं बारा खोल्या बांधण्याऐवजी शेजारच्या तीन घरांनी दोन-दोन चांगल्या खोल्या दिल्या, तर पाण्याचा भार वाटला जातो, कर्ज वाटलं जातं आणि भावकीत मनंही राहतात. हिवाळ्यात स्ट्रॉबेरीचं शेत, मे महिन्यात करवंदं-जांभळं, सप्टेंबरात कास पठारावरची फुलं. पाहुण्याला दाखवायला आपल्याकडे वर्षभर काही ना काही आहेच.

सांडपाण्याचंही बोलायला हवं. कृष्णा, कोयना, वेण्णा इथूनच निघतात. आपल्या सेप्टिक टँकमधून जे झिरपतं ते वाई, कऱ्हाड करत सांगलीकरांच्या नळापर्यंत जाण्याच्या वाटेवर असतं. तेव्हा नव्या खोलीच्या अंदाजपत्रकात सांडपाण्याची सोय पहिल्या ओळीत लिहा, उरलेल्या पैशांत नको.

त्या नातवानं आता बाराच्या जागी चार खोल्या काढायचं ठरवलंय. आधी छपरावरचं पाणी साठवायला टाकी होणार, मग पाया. दसऱ्यानंतर काम सुरू होईल आणि बाथटब नसतील.

नमस्कार.