बेट रिकामं करताना

[जुनं चित्रण: मरडू. सायरन, मग धूळ.]

११ जानेवारी २०२०, शनिवार. कोचीजवळचं मरडू. खाडीकाठची एकोणीस मजली इमारत उभ्या उभ्या खाली बसते. रविवार संपेपर्यंत चार गृहसंकुलांचे पाच टॉवर गेले. खांबांना भोकं पाडून त्यात स्फोटकं भरली होती, वरून तारेची जाळी आणि जाड कापड गुंडाळलं होतं. केरळ सरकारचे सल्लागार होते इंदूरचे एस. बी. सरवटे. पाडणाऱ्यांतली एक कंपनी मुंबईची. फ्लॅटवाल्यांना सुप्रीम कोर्टाने प्रत्येकी पंचवीस लाखांची अंतरिम भरपाई दिली.

ही दृश्यं सगळ्या देशाने पाहिली. आपण जाणार आहोत ते याच्या आदल्या दिवशी झालेल्या निकालाकडे.

[वेंबनाड. पहाट. होडी.]

१० जानेवारी २०२०. मरडूच्या इमारतींनी मोडलेले, काठाजवळच्या बांधकामावर बंधनं घालणारे किनारा नियमन क्षेत्राचे तेच नियम, तेच सुप्रीम कोर्ट. आळप्पुळा जिल्ह्यातल्या पाणावळ्ळी पंचायतीत, वेंबनाड सरोवरातल्या नेडियतुरुत्तु बेटावरचं कापिको रिसॉर्ट पाडा, हा हायकोर्टाचा २०१३ चा आदेश कोर्टाने कायम केला. तुरुत्तु म्हणजे मल्याळममध्ये बेट. चौपन्न व्हिला. वेंबनाड २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे.

[पाण्यात रोवलेले खुंट. कॅमेरा बराच वेळ इथेच.]

हे खुंट नीट बघा. आपल्याकडे कोळी डोल लावतात ना, पाण्यात खुंट ठोकून, तोंड प्रवाहाकडे करून? तशीच ही जाळी. ओहोटीचं पाणी कोळंबी आणून देतं, माणसाने वेळेवर जाळं उपसायचं. बांधकामात ही जाळी उठली, म्हणून मच्छीमार कोर्टात गेले. मोठमोठ्या वकिलांच्या या खटल्याचं मूळ असं खुंटाएवढं आहे. बातम्यांमध्ये मात्र नाव कायम रिसॉर्टचं.

[बार्जवर पोकलेन.]

आता पाडकाम. सुरुवात १५ सप्टेंबर २०२२ ला. निकालानंतर अडीच वर्षं उलटून गेली होती, मधे कोविड. खर्च रिसॉर्टच्या कंपनीचा, देखरेख जिल्हा प्रशासनाची.

इथे सुरुंग नाही. बुटक्या, पसरलेल्या व्हिलांना त्याची गरजच नसते. आणि चारही बाजूंनी पाणी असलं की उडालेला प्रत्येक तुकडा पाण्यातच जातो. बेटाला रस्ता नाही. पोकलेन, ब्रेकर, डिझेलची पिंपं, सगळं पाण्यावरूनच यायचं.

असं पाडकाम खरं तर उलट्या क्रमाने केलेलं बांधकामच. आधी दारं, खिडक्या, काच, वायरिंग, नळ सुटे होतात. मग छप्पर. मग ब्रेकर स्लॅबवर चढतो, काँक्रीट फुटतं, सळ्या उघड्या पडतात. त्या गॅसने कापून भंगारात. पोकलेनवाल्याचा हात बघा, भिंत तो आतल्या बाजूला ओढतोय. बाहेर ढकलली तर काम निम्म्या वेळात होईल, पण मग ती तळ्यात. या एका हातावर सगळे पर्यावरण नियम येऊन टेकतात.

[राडारोड्याचे ढीग, वेगवेगळे.]

तेव्हा लागू असलेले राडारोड्याचे २०१६ चे नियम सांगायचे: दिवसाला वीस टन किंवा महिन्याला तीनशे टनांच्या वर राडारोडा निघत असेल, तर काँक्रीट वेगळं, माती वेगळी, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक वेगळं, विटा आणि चुना-सिमेंटचा माल वेगळा. जमिनीवर हे सोपं. बेटावर प्रत्येक ढिगाला जागा लागते, आणि मोकळी जागा म्हणजे काठ. पाऊस आला की काठावरची सिमेंटची भुकटी सरळ पाण्यात उतरते. मग बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट बुडाची होडी. पाणी उथळ, त्यामुळे बार्ज तोंडोतोंड भरून चालत नाही. भरलेला बार्ज बुडाला टेकला तर पुढच्या भरतीची वाट. ट्रकवाला एका तासात दोन फेऱ्या मारेल, इथे आकाशाकडे बघत बसायचं.

उशीर होतोय म्हणून कोर्टाने झापलं, आणि मार्च २०२३ पर्यंतची मुदत ठरवून दिली. व्हिला गेल्या.

[वरून बेट. नारळ, मधे उघडी जमीन.]

पाडणं आणि जागा साफ करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याचं चित्रण कुणी मागत नाही. भिंत पडली की फोटो निघतो. जमिनीत राहिलेला पाया, पाण्याखाली गेलेला भराव, काठाच्या चिखलात रुतलेलं काँक्रीट, यांचा फोटो कसा काढणार?

आणखी एक. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत बॅकवॉटरमधल्या बेटांवर भरतीरेषेपासून पन्नास मीटर बांधकामबंदी होती. २०१९ च्या अधिसूचनेत ते अंतर वीस मीटर झालं.

[नकाशा. केरळवरून कोकणाकडे.]

२०११ च्या त्याच अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनाऱ्यांची यादी आहे. वेंबनाड तिच्यात आहे. मालवण आणि आचरा-रत्नागिरीही आहेत.

[परत खुंट. ओहोटी लागलीये. निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज.]