कारवानी : धसकटातली धाव

(दृश्य : दिवस उगवतानाचं काळं रान. ज्वारीची धसकटं. दूरवर बांधापाशी एक बदामी ठिपका.)

ज्वारी काढून झालीय. रानात उरलीत ती वीतभर उंचीची धसकटं आणि मधली वाळून दगड झालेली ढेकळं. इथं अनवाणी चार पावलं टाकायची म्हटली तरी माणूस विचार करतो. आता बांधाकडं, तिथं उभ्या कुत्र्याकडं बघा.

(दहा सेकंद निवेदन नाही. धाव. पावलांचा आवाज.)

डोळ्याला नीट दिसलंच नाही ना? आम्हालाही दिसलं नव्हतं. तीच धाव आता सावकाश बघू.

पुढचे पाय टेकले आणि सुटले. पाठीची कमान झाली. मागचे पाय पोटाखालून येऊन पुढच्या पायांच्याही पुढं गेले. इथं थांबवतो. चारही पाय हवेत आहेत. आता मागचे पाय टेकले, त्यांनी जमीन मागं रेटली, अंग नाकापासून शेपटीपर्यंत ताणलं गेलं, आणि हे बघा, पुन्हा चारही पाय हवेत. घोडा चौखूर उधळतो तेव्हा एका झेपेत एकदाच असा अधांतरी होतो. हे कुत्रं दोनदा होतं. वळणावर शेपटीकडं लक्ष द्या. नावेचं सुकाणू फिरावं तशी ती फिरते आणि सगळं अंग तिच्यामागं वळतं.

समोर पळतेय ती मोटारसायकलला दोरीनं बांधलेली पांढरी चिंधी. ससा नाही. ते आम्ही आणि कुत्र्याच्या मालकांनी आधीच ठरवलं होतं.

हा कारवानी. लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यात जानवळ नावाचं गाव आहे. कारवानीची जोपासना म्हटली की मराठवाड्यात या गावाचं नाव निघतं.

(दृश्य : अंगण. कुत्रं उभं. कॅमेरा जवळ जातो.)

शहरातल्या माणसाला हे कुत्रं पहिल्यांदा बघून वाटतं, याला खायला घालत नाहीत की काय. बरगड्या मोजता येतात. पाठीचे मणके दिसतात. पोट थेट कण्याला भिडल्यासारखं वर चढलेलं. पण हीच याची तब्येत. खांद्याशी उंची साधारण 65 ते 72 सेंटीमीटर, वजन 20 ते 28 किलो. त्या छातीत काळीज आणि फुप्फुसं भरून आहेत, बाकी अंगावर चरबी अशी नाहीच. म्हणून थंडी सोसत नाही. पौष-माघात रात्री गोठ्यात याच्यासाठी गोणपाट अंथरावं लागतं.

मालकांचा हात बघा. कुत्र्याच्या पाठीवरून मागं सरकत तो खुब्याच्या दोन हाडांमध्ये थांबलाय. त्या फटीत बोटं किती बसतात, हे ते बघतायत. हाडं रुंद असली तर मागचे पाय पोटाखालून मोकळे पुढं येतात. मघाशी रानात आपण जे बघितलं, ते सगळं या चार बोटांच्या जागेवर उभं आहे. त्यानंतर पंजा. बोटं लांब, गादी टणक. धसकटानं फाटत नाही.

आता आमचा कॅमेरामन हात पुढं करतोय. कुत्रं गुरगुरलं नाही, भुंकलं नाही. फक्त अर्धं पाऊल मागं सरलं आणि मान वळवली. परक्याचा हात याला चालत नाही. तीन दिवस आम्ही तिथं होतो, तिसऱ्या दिवशीही ते अर्धं पाऊल तसंच होतं. याला कुणी भित्रेपणा म्हणू नये. हे कुत्रं घरच्या माणसांपुरतं असतं.

(दृश्य : चूल. परातीत भाकरी. कुस्करणारे हात.)

याचं खाणं म्हणजे ज्वारीची भाकरी. कुस्करून, वर ताक नाहीतर दूध. ज्वारी भरडली त्या दिवशी कण्या. पाकिटातलं काही नाही. माणसांच्या ताटांच्या आधी ही परात भरली जाते, हे आम्ही रोज बघितलं.

(दृश्य : घटप्रभा नदी. मुधोळ गाव.)

जानवळहून दक्षिणेला, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, घटप्रभेच्या काठी मुधोळ आहे. जगाला हे कुत्रं ठाऊक झालं ते या गावाच्या नावानं, मुधोळ हाउंड म्हणून. एका श्वानसंस्थेच्या कागदावर तो कॅरव्हॅन हाउंड, दुसरीच्या कागदावर मुधोळ हाउंड. आणि कानांना, शेपटीला लांब रेशमी केस असले की तो पश्मी. पश्म म्हणजे मऊ लोकर. पश्मिना शालीतला तोच शब्द.

ही नावंच वाट सांगतात. पश्म फारसी आणि कारवान, म्हणजे तांडा, हाही फारसी. इराण, अफगाणिस्तानाकडून व्यापाऱ्यांचे तांडे आणि फौजा दख्खनला आल्या, त्यांच्याबरोबर ही कुत्री आली असं मानतात. चण बघितली की ते पटतंही. अरबस्तानातला सालुकी, कझाकांचा ताझी, सहारा वाळवंटाच्या कडेला तुआरेग लोकांचा अझावाख, ही सगळी नजरेनं शिकार धरणारी कुत्री. वास घेत फिरत नाहीत. लांबवर काही हललं की सुटतात.

मुधोळला घोरपड्यांचं राज्य होतं, मराठा संस्थान. राजे मालोजीराव घोरपडे यांनी आसपासच्या बेडर शिकाऱ्यांकडं ही कुत्री बघितली, चांगली निवडली, जोपासली आणि विलायतेला गेले तेव्हा एक जोडी पंचम जॉर्ज यांना भेट दिली, असं सांगतात. राजांचं श्रेय आहेच. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या ही जात ज्यांनी राखली, त्या बेडरांचं नाव आम्हाला इथं ठळक घ्यायचंय. मुधोळजवळच्या हलगलीचे हेच लोक. 1857 साली इंग्रजांनी हत्यारं काढून घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते लढले. माळरानावर कुठलं कुत्रं टिकतं आणि कुठलं दम टाकतं, हे त्यांनी पायी फिरून ओळखलेलं होतं. महालातल्या कुत्र्यांचं मूळ त्यांच्या झोपड्यांत आहे.

1948 साली संस्थान विलीन झालं, 1956 साली मुधोळ कन्नड मुलखात गेलं. कुत्र्यांना सीमा लागली नाही. सांगली, सोलापूर, लातूर, विजापूर, बागलकोट असा हा एकच पट्टा राहिला. 2005 साली पोस्टाच्या तिकिटावर मुधोळ हाउंड आला. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचं संशोधन केंद्र उभं राहिलं. लष्करानं मीरतला ही कुत्री शिकवून बघितली, हवाई दलानं धावपट्टीवरचे पक्षी हाकायला घेतली. 2020 साली पंतप्रधानांनी रेडिओवर नाव घेतलं आणि पिल्लांना मागणी आली.

(दृश्य : शर्यतीचं मैदान. धूळ.)

शिकार 1972 च्या कायद्यानं बंद झाली, ती व्हायलाच हवी होती. आता धाव उरलीय ती शर्यतींत, आणि तिथं जिंकण्यासाठी कारवानीत ग्रेहाउंडचं रक्त मिसळतंय. काही पिल्लं शहरातल्या दोन खोल्यांत जातात आणि वर्षभरानं नकोशी होतात.

(दृश्य : गोठा. कडब्याच्या गंजीआड कुत्री आणि पिल्लं.)

परत जानवळ. एका वेतातली सात पिल्लं, महिन्याची. या वयात पायच सगळ्यात मोठे दिसतात. मालक यातली दोन स्वतःकडं ठेवणार आहेत. कुठली, ते आज ठरत नाही. पुढच्या हंगामाची ज्वारी निघेल, धसकटं उभी राहतील, तेव्हा सगळी त्या रानात सोडून बघायची, मग ठरवायचं. मागायला आलेल्यांना तोवर थांबायला सांगितलंय.

आज पहिली भाकरी आहे. दुधात भिजवून, अगदी मऊ. काळं पिल्लू परातीतच चढलंय.

(परात. आवाज तसाच ठेवावा.)